गुलाबपाणी आणि ईथर

गुलाबपाणी आणि ईथर. हे दोन वास एकमेकांच्या शेजारी येऊ नयेत अशीच निसर्गाची योजना असावी. ती तू मोडलीस. परवा तुझे कपाट आवरायला घेतले, तर सुती पातळांच्या घड्यांतून दोन्ही एकदम अंगावर आले. एक गोड, ओलसर, हळदीकुंकवाच्या संध्याकाळचा. दुसरा थंड, नाकाच्या मुळाशी सुईसारखा टोचणारा, तुझ्या काचपट्ट्यांचा. भेटायला आलेल्या बायका माझ्या डोळ्यांत पाणी येण्याची वाट पाहत होत्या. मी म्हणाले, "हिला कितीदा सांगितलं, खाप्याच्या खेपेची पातळं वेगळी धुवायला टाक म्हणून." त्या एकमेकींकडे पाहू लागल्या.

त्यांचे चुकले नाही. माणूस गेल्यावर त्याच्यावर चिडू नये. पण सिंधू, तू गेलीस तीही तुझ्या नेहमीच्या रीतीने, बोलणे चालू असताना मधेच उठून. वसतिगृहात एका खोलीत राहत होतो तेव्हापासूनची ही तुझी खोड. मी एखाद्या ओळीचा अर्थ उलगडत असावे, आवाज नुकता लागलेला असावा, आणि तू चपला पायात सरकवत म्हणावेस, "थांब, माझं दूध उतू जातंय." तुझे दूध म्हणजे दूध कधीच नसे. ती प्रयोगशाळेतली कुठलीशी बाटली असे. या डिसेंबरातल्या त्या संध्याकाळीही तेच. आपण त्या जुन्या, न छापलेल्या लेखावरून पुन्हा भांडत होतो. तू उठलीस आणि म्हणालीस, "उद्या सकाळी येऊन तुला हरवते." सकाळी तुझा शेजारी आला. हृदय, म्हणाला. तुझ्या हृदयाविषयी तू मला कधी काही सांगितले नव्हतेस. तुला शरीराचा एकच अवयव ठाऊक आहे, असे मी थट्टेने सर्वांना सांगत आले होते.

गर्भाशयाचे मुख. हे दोन शब्द तू खाणावळीत वरणभाताच्या ताटावर उच्चारत असस, आणि समोरच्या मुली घास हातात धरून थिजत. तुझे लग्न होऊन वर्ष व्हायच्या आत नवरा गेला. सासरने तुला सावनेरला माहेरी पाठवले आणि माहेरने नागपूरला कॉलेजात. मी मराठीच्या वर्गात बसत होते, तू मुडद्यांच्या वासात. भरल्या संसाराच्या, चाळिशी-पन्नाशीच्या वयात बायकांना जो कर्करोग गाठतो, त्याच्या मुळाशी एखादा विषाणू आहे, असे तुझ्या मनाने साठच्या दशकातच घेतले होते. तापात ओठांवर फोड आणणाऱ्या विषाणूचा एक भाऊबंद, असा तुझा संशय. तेव्हा जगातल्या बऱ्याच शहाण्यांचा तोच संशय होता. त्यासाठी तुला बायका हव्या होत्या, आजारी नव्हेत, धडधाकट. लाकडाच्या चपट्या काडीने गर्भाशयाच्या मुखावरच्या पेशी हलकेच खरवडायच्या, काचपट्टीवर पसरायच्या, ओल्या असतानाच ईथर आणि अल्कोहोलमध्ये बुडवायच्या. सोबत दंडातले थोडे रक्त, बर्फात ठेवून मुंबईला पाठवायचे. एवढेच काम. आणि एवढ्यासाठी कोणतीही बाई तयार होत नसे.

सूक्ष्मदर्शकातून मला पहिल्यांदा तू पाहू दिलेस तो दिवस आठवतो. निळे, नारिंगी, गुलाबी तुकडे, पाण्यात पडलेल्या पाकळ्यांसारखे. त्यांत काही पेशींच्या मध्यभागी एक काळसर ठिपका आणि त्याभोवती स्वच्छ, उजळ कडे. मी म्हणाले, "हिच्या चंद्राला खळं पडलंय."

"वाळताना होतं तसं," तू म्हणालीस. "काच नीट बुडवली नाही की होतं."

"पण किती सुंदर आहे. याचं नाव खळं."

"नाव ठेवलं म्हणून ओळख पटत नाही."

हे वाक्य तू मला इतक्यांदा ऐकवलेस की त्याला चाल लागली. मी त्यावर रुसले, तू लक्षात घेतले नाहीस, मी आपोआप हसले. आपल्या मैत्रीचा हाच क्रम होता आणि तो मोडण्याचा कंटाळा आपल्या दोघींनाही होता.

मग आणीबाणीचे वर्ष आले. खेड्यात सरकारी रंगाची जीप दिसली की माणसे शेतातून पसार होत. नसबंदी करायलाच आले, अशी खात्री. तू सावनेरजवळच्या खाप्याला गेलीस तर कन्हान नदीच्या काठापर्यंत एक बाई दिसली नाही. धुणे तसेच दगडावर पडलेले. रिकाम्या काचा घेऊन परत आलीस आणि माझ्या स्वयंपाकघरात पाटावर बसून म्हणालीस, "संक्रांत कधी आहे?"

तुझी ही कल्पना होती, हे मी येथे नोंदवून ठेवते, कारण तू नंतर ती माझ्या नावावर खपवू लागली होतीस. खाप्यातल्या अनुसयाबाई पाटलिणीच्या घरी हळदीकुंकू. माजघरात कुंकू, अत्तर, गुलाबदाणी, वाण. वाण घेतलेली बाई ओटी सावरत आतल्या कोठीच्या खोलीत जाईल, तिथे तू आणि तुझी काडी. ज्या कार्यक्रमाला पुरुष फिरकत नाही आणि जिथून बाईला उशीर झाला तरी घरी कोणी विचारत नाही, असा वर्षातला एकच. वाण आणायला तू मला इतवारीत नेलेस. मी पितळेच्या नक्षीदार वाट्या हातात घेऊन पाहत होते. तू साबणाच्या वड्या घेतल्यास.

अनुसयाबाईंनी त्या वड्या उलटसुलट करून पाहिल्या. "काहून वं डाक्टरीणबाई, आमच्या गावच्या बाया मळक्या दिसून राहिल्या का तुमाले?"

"नाही हो. हात धुवायला."

"वाण म्हणून साबण. उद्या फिनेल आणान."

तरीही बायका आल्या. माजघरात गुलाबपाणी उडत होते, कोठीच्या दारातून ईथर येत होते, आणि उंबऱ्यावर मी, एका हातात कुंकवाचा करंडा, दुसऱ्याने पदर सावरीत. आत गेलेली बाई बाहेर येताना हसत असे. सुटल्यासारखे, थोडे फजित झाल्यासारखे. परतताना तू अनुसयाबाईंना विचारत असस, "कोण राहिलं?" त्या छातीवर हात ठेवून सांगत, "एक बी घर सुटलं नाही. बोलावणं दारोदार गेलं." आणि ते खरे होते. एक बी घर सुटले नव्हते. तू समाधानाने जीपमध्ये बसत असस. काही हिवाळे असेच गेले. काचा जमल्या, रक्ताचे अहवाल आले, तक्ते झाले. तुझा लेख परदेशी नियतकालिकाने स्वीकारला. त्या वर्षी तू पहिल्यांदा, आणि शेवटचेच, नवे पातळ घेतलेस.

त्याच संक्रांतीला सगुणा बोलली.

सगुणा ही अनुसयाबाईंची धाकटी जाऊ, विधवा. तुझी हत्यारे उकळायला मागच्या चुलीवर पाणी तापवून ती दरवर्षी कोठीच्या खोलीत आणून देत असे. बायका गेल्या होत्या. तू काचा मोजत होतीस, मी करंडा पुसत होते. तिने किटली खाली ठेवली आणि ती गेली नाही.

"अजून पाणी लागन का, बाई?"

"बस झालं."

"हे आमच्यासारखीले चालते का?"

तू मान वर न करता म्हणालीस, "कोणाला चालत नाही?"

"नाही, आमाले बोलावणं नसते ना कुंकवाचं, म्हणून विचारलं. मले लय दिवसापासून डाग पडून राहिला. पाळी जाऊन तं कितीक साल झाले."

तेव्हा तू मान वर केलीस. "काहून नाही सांगितलं वं आधी?" राग आला की तू सावनेरची होत असस.

"तुमी कुठं विचारलं? मी तं पाणीच आणून राहिली होती."

तिला तपासून तू बाहेर आलीस आणि मोजलेल्या काचा पुन्हा मोजू लागलीस. जीप कन्हानच्या पुलावर आल्यावर तू बोललीस. "आपण विधवा घेतल्याच नाहीत. एकही नाही." पाण्यावर ऊन होते, ते तुझ्या चष्म्यावर हलत होते. "त्याच वयाच्या असतात बहुतेक. ज्यांना होतो त्याच वयाच्या."

यावर मला आजही जो संताप येतो तो मी लपवणार नाही. बाकी कोणाला दिसले नसते तर चालले असते. अनुसयाबाईंना दिसायचे कारण नव्हते. बोलावणे घरांना जाते, आणि घर सुटले नव्हते. मला दिसले नाही. मी नमुना गोळा करीत नव्हते, कुंकू लावीत होते. पण तू? इतके हिवाळे त्या घरात गेलीस, आणि तुझ्या कपाळाकडे बोट न्यायला माजघरातून एकही बाई कोठीत आली नाही. त्या कार्यक्रमाला न बोलावलेली पहिली बाई तूच होतीस. खोलीच्या मधोमध, दिव्याखाली, उभी. स्वतःला इतके विसरणे याला लोक थोरपणा म्हणतात. परवा शोकसभेतही म्हणाले. मी त्याला निष्काळजीपणा म्हणते.

सगुणेला तू नागपूरला आणलेस. तिच्या गाठीचा तुकडा तपासला, व्हायचे तेच निघाले, रेडियमचे उपचार झाले. ते संपेपर्यंत ती तुझ्याकडे राहिली आणि तुझ्या घरात पहिल्यांदा रोज सकाळी स्वयंपाक होऊ लागला. ती वाचली. डॉक्टर म्हणाले, थोडी उशिरा आली, पण फार उशिरा नव्हे. तू हे "थोडी उशिरा" पुढे कितीतरी दिवस दाढेखाली धरून बसलीस.

आणि तो लेख तार करून परत मागवलास.

इथे आपण खरोखर भांडलो. मी म्हणाले होते, "अगं, खाली एक तळटीप टाक. विधवा यात नव्हत्या, असं स्पष्ट लिही आणि छापू दे."

"तळटीपेत किती बायका बसवशील?"

"इतक्या वर्षांचं काम आहे, सिंधू."

"लंगडं काम आहे. तुझ्या कवितेतलं एक कडवं गाळून ती छापली असतीस का?"

"छापली असती. न लिहिलेल्या कडव्यांवरच कविता उभी असते."

"मग तुझी विद्या सोपी आहे."

यानंतर दिवाळीपर्यंत आपण बोललो नाही. माझे म्हणणे मी आजही सोडलेले नाही. तो लेख छापला गेला असता तर तुला निधी मिळाला असता, हाताखाली माणसे मिळाली असती, फोन आला की दोन्ही हातांत बाटल्या घेऊन कोपराने तो उचलावा लागला नसता. तुझे म्हणणे तू उद्या सकाळी सांगणार होतीस.

पुढच्या संक्रांतीला तू कुंकू बंद केलेस. वाणही. फक्त तिळगूळ, येईल त्या बाईला. अनुसयाबाई भडकल्या. "कुंकू नाही, वाण नाही. मंग नुसतं लुगडं वर करायले यावं का बायांनी?"

"तिळगूळ आहे ना."

"तिळगूळ आमच्या घरी बी हाय."

मलाही ते आवडले नव्हते. मला तो करंडा आवडत असे, बोटावरचा ओला लाल रंग, वाकलेल्या कपाळांची ऊब. सुंदर गोष्ट कोणाला तरी वगळून सुंदर असते, हे मला कळले होते, पण कळले म्हणून आवडायचे थांबत नाही. त्या वर्षी मूठभर बायका आल्या. तू रित्या काचा मोजल्यास आणि मी, देवा, म्हणालेच, "पाहिलंस?" तेव्हा सगुणा उठली. ज्या दारांतून तिला कुंकवाचे बोलावणे कधी आले नव्हते, त्या दारांत दुसऱ्या दिवशी ती स्वतः बोलावणे घेऊन गेली. आधी विधवा आल्या, पदर डोळ्यांपर्यंत ओढून, मागच्या दाराने. मग त्यांच्या सुना. मग, तीन संक्रांती उलटल्यावर, अनुसयाबाई. आत जाताना माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "साबण असन तं द्या."

तेव्हापासून निघताना "कोण राहिलं?" हा तुझा प्रश्न सगुणेला असे. ती नावे सांगे. ती नावे घेऊन ती पुन्हा जाई. आणि मग तू माझ्याकडे वळून म्हणत असस, "आणि तू कधी?" मी म्हणे, "मी दारात आहे. मी आत गेले तर तिळगूळ कोण देईल?" तू एक काच बाजूला उरवून ठेवत असस, आणि मी विषय बदलत असे. त्यात मला तुझ्यापेक्षा गती होती.

सगुणेच्या गाठीचा उरलेला तुकडा तू शीतपेटीत जपून ठेवला होतास. पुढे कधीतरी उपयोगी पडेल, एवढेच तुझे स्पष्टीकरण. मे महिन्यात नागपूरची वीज तासन्‌तास जाऊ लागली तेव्हा तू आमच्या घरी आलीस, पाण्याचा पेला संपवलास आणि बैठकीतला कूलर उचलून रिक्षात घातलास. कारण उन्हाने शीतपेटीचे यंत्र तापून बंद पडत होते, तुझ्या खोलीच्या वीजवाहिनीवर वीज होती आणि आमच्याकडे ती तशीही नव्हती, असा तुझा युक्तिवाद. यांनी विचारले, "आणि वीज आली की आम्ही काय करायचं?" तू म्हणालीस, "भाऊजी, गच्चीवर झोपा. हवा चांगली असते." तो उन्हाळा आम्ही वाळ्याच्या पडद्यावर पाणी मारीत काढला. तुझ्या शीतपेटीवर आमची ओली गोधडी होती, समोर आमचा कूलर. त्या गोधडीला अजून तो वास येतो.

मग परदेशातून बातमी आली. विषाणू वेगळाच निघाला. चामखिळी उठवणाऱ्या कुळातला. तापाच्या फोडांच्या तुझ्या त्या भाऊबंदाचा त्यात मुख्य हात नाही. तू आमच्या व्हरांड्यात भुईमुगाच्या शेंगा सोलत ते नियतकालिक वाचलेस आणि हसू लागलीस. मोठ्याने, शेंगा सांडेपर्यंत.

"यात हसण्यासारखं काय आहे?"

"इतकी वर्षं चुकीच्या घराची कडी वाजवत होते."

मी तुझ्यासाठी रडवेली झाले होते आणि तू टरफले गोळा करीत होतीस. मला वाटले होते, तू म्हणशील, बरे झाले तो लेख छापला नाही. मी उत्तर तयार ठेवले होते. तू ते म्हणालीच नाहीस. विजय हाती आला असता तो उचलायचा नाही, हीही तुझी एक दुष्ट खोड. त्याऐवजी मला प्रयोगशाळेत नेलेस, जुन्या काचा काढल्यास, एक सूक्ष्मदर्शकाखाली सरकवलीस आणि बाजूला झालीस. "बघ."

काळसर ठिपका. भोवती उजळ कडे.

"हे त्याचंच काम," तू म्हणालीस. "त्या विषाणूचं. वाळण्याचं नव्हे."

मी वाट पाहिली. 'तुझं बरोबर होतं' एवढे तीन शब्द. तू चष्मा पुसत राहिलीस. अखेर म्हणालीस, "खळं चांगला शब्द आहे." मी त्या दिवशी तेवढ्यावर भागवले. खरे सांगते, आज तेवढे पुरे वाटते. नाव देणे सोपे होते. नाव मिळूनही ओळख पटेपर्यंत थांबणे तुझे होते. हे मी तुला म्हणायला हवे होते. तेही उद्या सकाळीच ठेवले होते, असे समज.

पन्नाशीच्या उंबऱ्यावर तू मुंबईला जाऊन तुझ्या निम्म्या वयाच्या मुलांशेजारी बसलीस आणि पेशीतल्या विषाणूचा धागा धाग्याशी जुळवून ओळखायची नवी विद्या शिकलीस. परत आलीस ती हातात क्ष-किरणांची काळपट फिल्म नाचवीत. ती माझ्या खिडकीवर धरलीस. तव्यावरच्या पोळीला पडावा तसा एक डाग.

"ही कोण आहे सांग."

"डाग आहे."

"सगुणा आहे. तिच्या तुकड्यातला विषाणू. तुझ्या कूलरनं वाचवला."

तेव्हा तुझा चेहरा मी पाहिला. इतके आनंदी माणूस मी फार कमी पाहिले आहे. मी म्हणाले, "कूलर परत कधी आणतेस?"

मागच्या आठवड्यात, संक्रांतीला, मी खाप्याला जाऊन आले. तुझी विद्यार्थिनी नंदा म्हणाली, तुम्ही आला नाहीत तरी चालेल, मी करीन. मी गेले. अनुसयाबाईंच्या दारात तिळगुळाचा डबा घेऊन बसले. त्या आता थकल्या आहेत, खुर्चीवरून ओरडतात. आत नंदा, कोठीच्या खोलीत ईथर. गुलाबपाणी नव्हते, मी उगाचच हुंगून पाहिले. सगुणा किटली घेऊन ये-जा करीत होती. प्रत्येक बाई डब्यातून तिळगूळ घेत होती आणि तुझे नाव काढत होती, कोणी डाक्टरीणबाई, कोणी आमची बाई, आणि एक म्हातारी "ते साबणवाली".

ऊन कलले. नंदाने काचा बरणीत लावल्या. तबकात एक कोरी काच उरली होती. काड्या गुंडाळल्या जात होत्या, जीपचा चालक बाहेर भोंगा वाजवीत होता. मी डब्याचे झाकण लावले आणि उठता उठता, काही विचार न करता, तुझ्याच हेलात विचारले, "कोण राहिलं?"

सगुणेने किटली खाली ठेवली. नावे सांगायला ती बोटे उघडते, ती तिने उघडली नाहीत. माझ्याकडे वळली, माझ्या हातातला डबा हळूच काढून घेतला आणि म्हणाली,

"तुमी."